फुंकर कुणाची? : रंगीत काचशिल्पाची साठ वर्षं

अमेरिकेतल्या लास व्हेगास शहरात बेलाजिओ नावाचं हॉटेल आहे. १९९८ साली ते उघडलं तेव्हा त्याच्या लॉबीच्या छताला सुमारे दोन हजार काचफुलं लावलेली होती. लाल, पिवळी, निळी, जांभळी. आकार परातीसारखे पसरट, कडा लाटेसारख्या मुडपलेल्या. सगळ्यांचं मिळून वजन अठरा टनांच्या आसपास. या शिल्पाचं नाव ‘फिओरी दि कोमो’, म्हणजे कोमोची फुलं, आणि शिल्पकाराचं नाव डेल चिहुली. आता याच्या शेजारी दुसरी एक नोंद ठेवून पाहा. १९७९ साली खांद्याला झालेल्या इजेनंतर चिहुलींनी भट्टीपुढची फुंकनळी दुसऱ्यांच्या हाती दिली, ती कायमची. म्हणजे या दोन हजार फुलांमध्ये ज्यांचा श्वास भरलेला आहे ती माणसं वेगळी, आणि ज्यांचं नाव खाली लिहिलेलं आहे तो माणूस वेगळा. मग ही फुलं कुणाची?

रंगीत काचशिल्पाबद्दल मराठीत फार लिहिलं गेलेलं नाही. जे थोडंफार वाचायला मिळतं त्यात ‘डोळ्यांचं पारणं फिटलं’ या पलीकडे गोष्ट सहसा सरकत नाही. डोळ्यांचं पारणं फिटतं हे खरंच आहे आणि त्यात लाजण्यासारखंही काही नाही. पण या कलेचा इतिहास चाळायला लागलं की दिसतं, तिचा सगळा प्रवास वरच्या एका प्रश्नाभोवती फिरतो आहे. काच फुंकणारा आणि काच ‘घडवणारा’ हे एकच की दोन? त्या प्रश्नाचा माग काढत गेलो तर सौंदर्य कमी होत नाही. उलट ते कुठून आलं हे कळतं.

रंग लावलेला नसतो

आधी रंगाबद्दल थोडं. लाकडाला, मातीला, धातूला रंग वरून चढवता येतो. काचशिल्पातला रंग बहुधा काचेच्या अंगातच असतो. वाळू, सोडा आणि चुना यांच्या रसात एखाद्या धातूचा अंश मिसळला की काच रंगते. कोबाल्टची चिमूट गडद निळा देते. तांबं आकाशी-हिरवट रंग देतं, आणि भट्टीत प्राणवायू कमी ठेवला तर तेच तांबं लाल होतं. मँगेनीजनं जांभळा येतो. लोहानं हिरवा येतो. साध्या खिडकीच्या काचेची कड बाजूनं पाहिली की हिरवट दिसते, ती वाळूतल्या लोहामुळे. तापलेले पिवळे, नारिंगी आणि लाल रंग हवे असतील तर कॅडमियम आणि सेलेनियमकडे जावं लागतं.

सगळ्यांत नवलाची गोष्ट सोन्याची. माणकासारखी लाल काच सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांमुळे होते, पण ती भट्टीतून बाहेर येते तेव्हा जवळजवळ बिनरंगी असते. तिला पुन्हा ऊब दिली की आत सोन्याचे कण जमू लागतात आणि डोळ्यांदेखत लाली चढते. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये चौथ्या शतकातला एक रोमन प्याला आहे, लायकर्गस राजाची कथा कोरलेला. त्याच्यावर समोरून उजेड पडला तर तो हिरवट दिसतो, आणि दिवा आत ठेवला तर लालभडक. काचेत सोन्या-चांदीचे डोळ्यांना न दिसणारे कण आहेत, त्यांची ही करामत. या प्याल्याचा रंग कोणता, असं कुणी विचारलं तर एका शब्दात उत्तर देता येत नाही. उजेड कुठून येतो ते आधी सांगावं लागतं. काचशिल्प पाहायला शिकायचं तर पहिला धडा हाच.

दुसरा धडा भांडणाचा. दोन रंगांच्या काचा निवताना सारख्या प्रमाणात आकसल्या नाहीत, तर त्यांच्यात ताण राहतो. वस्तू भट्टीतून सुखरूप बाहेर येते, फडताळात बसते, आणि काही दिवसांनी कुणी हातही न लावता तडकते. म्हणून अनेक रंगांचं काचशिल्प म्हणजे परस्परांशी न पटणाऱ्या मंडळींना एका पंगतीत बसवण्यासारखं आहे. तयार झालेली वस्तू लगेच हवेत ठेवून चालत नाही. वेगळ्या भट्टीत तिला तासन्‌तास, जाड काच असेल तर काही दिवस किंवा महिनेसुद्धा, अगदी सावकाश निववावं लागतं. १९७९ च्या सुमारास क्लाउस मॉये या जर्मन कलावंतानं अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या ‘बुल्सआय’ या छोट्या कारखान्याला एकमेकांशी जुळणाऱ्या रंगीत काचा करण्याची गळ घातली. त्या तयार झाल्या म्हणून रंगीत पट्ट्या शेजारी शेजारी मांडून वितळवण्याची एक नवी शाखाच पुढे फुलली. मॉये नंतर ऑस्ट्रेलियात गेले आणि कॅनबेरात त्यांनी काचेची कार्यशाळा उभी केली. एका कलावंताच्या पटलावर किती रंग असणार हे इथे कारखान्यातला रसायनज्ञ ठरवत होता, हे ध्यानात ठेवू या.

बेटावरची गुपितं

या कलेचं माहेर म्हणजे व्हेनिसजवळचं मुरानो बेट. १२९१ साली व्हेनिसच्या सत्ताधाऱ्यांनी शहरातल्या काचभट्ट्या या बेटावर हलवायला लावल्या. लाकडी घरांच्या दाटीत आगीची भीती हे कारण सांगितलं जातं, आणि कारागिरांवर नजर ठेवणं सोपं जावं हा फायदाही होताच. पुढे मुरानोच्या उस्तादांना मोठा मान मिळाला, पण परवानगीशिवाय देश सोडण्याची मात्र बंदी होती. पंधराव्या शतकाच्या मध्यावर आंजेलो बारोविएर यांनी स्फटिकासारखी स्वच्छ काच सिद्ध केली. तिची कृती म्हणजे राज्याची ठेव. पिढ्यान्‌पिढ्या बापाकडून मुलाकडे ज्ञान जायचं आणि बेटाच्या पाण्यापलीकडे जायचं नाही.

मुरानोच्या भट्टीवर एकटा माणूस कधी काम करत नाही. मधोमध ‘माएस्त्रो’ म्हणजे उस्ताद बसतो. त्याच्या हाताखाली एक भट्टीतून काच गोळा करणारा, एक नळीत फुंकर घालणारा, एक दांड्या आणि कड्या चिकटवायला गरम काच आणून देणारा, आणि दार उघडणारं एक पोर. काचेला सुमारे हजार-अकराशे अंश तापमानाला मधासारखा प्रवाहीपणा असतो, आणि ती हवेत आली की मिनिटाभरात हट्टी होते. त्यामुळे बोलायला वेळ नसतो. मान हलली की दुसऱ्याला कळतं. घडलेल्या वस्तूवर मात्र बहुधा कारखान्याची, फार तर आराखडा काढणाऱ्याची, मोहोर. विसाव्या शतकात व्हेनिसच्या ‘वेनिनी’ कारखान्यानं चांगल्या वास्तुविशारदांना आणि चित्रकारांना आराखड्यासाठी बोलावलं, त्यांची नावं गाजली. उस्तादाचं नाव बेटावर सगळ्यांना माहीत असे आणि बेटाबाहेर सहसा कुणालाच नसे.

टोलेडोचं गॅरेज

या व्यवस्थेला पहिला धक्का बसला तो अमेरिकेत, आणि तो देणारा माणूस काचेच्या गावातच जन्मलेला होता. हार्वी लिटलटन यांचा जन्म १९२२ सालचा, न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्निंग गावचा. वडील जेसी लिटलटन कॉर्निंग काच कारखान्यात भौतिकशास्त्रज्ञ. १९१३ साली त्यांनी कारखान्यातल्या बॅटरीच्या काचबरणीचा बूड कापून घरी आणला आणि पत्नी बेसी यांनी त्यात केक भाजला. बरणी फुटली नाही, केक छान फुलला. यातूनच पुढे ‘पायरेक्स’ची भांडी बाजारात आली. (१९६२ साली कॉर्निंगच्याच सहकार्यानं मुंबईत ‘बोरोसिल’ची सुरुवात झाली, तेव्हा आपल्या स्वयंपाकघरातल्या काचेच्या वाडग्याचं मूळही त्या केकपर्यंत पोचतं.)

लिटलटन यांनी मात्र मातीकाम निवडलं. विस्कॉन्सिन विद्यापीठात ते कुंभारकला शिकवत. कुंभाराची एक चैन असते, तो मळण्यापासून भाजण्यापर्यंत सगळं एकटा करू शकतो. काचेचं तसं का होऊ नये, हा प्रश्न त्यांना छळत होता. १९५७ साली ते मुरानोला गेले. तिथे पाहुण्यांना प्रात्यक्षिक दाखवण्यासाठी ठेवलेल्या लहान लहान भट्ट्या त्यांनी पाहिल्या आणि त्यांच्या मनात गाठ बसली की काचेसाठी कारखानाच लागतो असं नाही.

मार्च १९६२ मध्ये ओहायोतल्या टोलेडो कला संग्रहालयानं आपल्या आवारातल्या एका गॅरेजमध्ये त्यांना कार्यशाळा घेऊ दिली. छोटी भट्टी बांधली, काचेचं मिश्रण घातलं, आणि ते काही केल्या नीट वितळेना. तेव्हा लिटलटन यांचे मित्र डॉमिनिक लॅबिनो मदतीला आले. ते जॉन्स-मॅनव्हिल या कंपनीत संशोधक होते. काचतंतू बनवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या काचेच्या गोट्या त्यांनी दिल्या, आणि त्या मात्र कमी आचेवर छान वितळल्या. तरीही फुंकायचं कसं हे जमलेल्या कलावंतांपैकी कुणालाच धड येत नव्हतं. ते दाखवलं हार्वी लीफग्रीन यांनी, टोलेडोच्याच लिबी काच कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका जुन्या कामगारानं.

या चळवळीला पुढे ‘स्टुडिओ ग्लास’ असं नाव पडलं. तिचा जन्म सांगताना नेहमी सांगतात की इथे कलावंतानं काच कारखान्याच्या तावडीतून सोडवली. मला या जन्मकथेत आणखी दोन माणसं दिसतात. एकानं काच दिली, दुसऱ्यानं हात दिला, आणि दोघेही कारखान्यातलेच होते. ‘एकट्या कलावंताची काच’ ही कल्पना ज्या दिवशी जन्मली, त्याच दिवशी ती दुसऱ्यांच्या खांद्यावर बसलेली होती.

याचा अर्थ लिटलटन यांचं श्रेय कमी होतं असा नाही. त्यांनी विद्यापीठात काचेचा अभ्यासक्रम सुरू केला. त्यांचे विद्यार्थी देशभर पांगले आणि जिथे गेले तिथे भट्ट्या पेटल्या. काच ही पेल्याची किंवा फुलदाणीची नोकर नाही, वाकलेली, फुटलेली, कोलमडलेली काचसुद्धा शिल्प होऊ शकते, हे त्यांनी पटवलं. कौशल्य ही फार मोठी गोष्ट नाही, कल्पना मोठी, असं ते आग्रहानं मांडत. मुरानोच्या उस्तादानं हे ऐकलं असतं तर तो हसला असता.

पडद्याआडची काच

याच काळात युरोपच्या पूर्व भागात गोष्ट अगदी वेगळ्या वाटेनं चालली होती. चेकोस्लोव्हाकियात काचेची परंपरा शतकांची. साम्यवादी राजवटीत चित्रकार-शिल्पकारांवर करडी नजर होती. श्रमिकांचा गौरव करणारं, ओळखू येणारं चित्र काढायचं, अमूर्त काढायचं नाही. काच मात्र शोभेची वस्तू समजली जाई, आणि शोभेच्या वस्तूला विचार असतो असं अधिकाऱ्यांना वाटत नसे. या दुर्लक्षाच्या सावलीत अमूर्त शिल्पकला काचेत वाढली.

तिची सर्वांत मोठी नावं स्तानिस्लाव लिबेन्स्की (१९२१-२००२) आणि यारोस्लावा ब्रिख्तोवा (१९२४-२०२०). झेलेझ्नी ब्रॉद या काचगावात १९५४ च्या सुमारास दोघांनी एकत्र काम सुरू केलं, पुढे लग्नही केलं. लिबेन्स्की चित्र काढत. ब्रिख्तोवा त्यावरून मातीचं शिल्प घडवत. मग साचा होई, आणि काच त्यात वितळवून ओतीव शिल्प तयार होई. फुंकर इथे नव्हतीच. रंगही बहुधा एकच. पण त्यांच्या शिल्पासमोर उभं राहिलं की त्या एका रंगाच्या दहा छटा दिसतात, कारण काच जिथे पातळ तिथे रंग फिका, जिथे जाड तिथे गर्द. आकाराच्या आत कोरलेली पोकळी बाहेरून उजेडाच्या गोळ्यासारखी दिसते. जाडी हाच त्यांचा कुंचला.

१९६८ मध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले. दोन वर्षांनी ओसाकाच्या जागतिक प्रदर्शनासाठी या दांपत्यानं ‘जीवननदी’ हे भलंमोठं काचशिल्प केलं, आणि गोठलेल्या पाण्यासारख्या त्या काचेत लष्करी बुटांचे ठसे उमटवले. शोभेची वस्तू बोलू लागली होती. अधिकाऱ्यांच्या ते ध्यानात आलं, ठसे काढून टाकावे लागले, दोघांना पक्षातूनही काढलं गेलं. काच नुसती सुंदर असते असं म्हणणाऱ्यांना मला ही गोष्ट नेहमी सांगावीशी वाटते.

आपल्या प्रश्नाच्या दृष्टीनं या जोडप्याचं महत्त्व आणखी एका गोष्टीत आहे. त्यांच्या शिल्पांवर दोन्ही नावं असतात. चित्र त्याचं, घडण तिची, आणि शिल्प दोघांचं. कल्पना मोठी की हात मोठा, या वादाला त्यांनी बेरजेचं चिन्ह टाकून उत्तर दिलं.

एक डोळा, अनेक हात

आता पुन्हा चिहुली. जन्म १९४१, वॉशिंग्टन राज्यातलं टकोमा. ते लिटलटन यांच्याकडे शिकले, म्हणजे एकट्या कलावंताच्या शाळेतले. १९६८ साली फुलब्राइट शिष्यवृत्तीवर व्हेनिसला वेनिनी कारखान्यात गेले आणि तिथे चमूनं काम कसं चालतं ते पाहिलं. परत आले ते गुरूच्या नेमका उलटा धडा घेऊन. १९७१ साली सिएटलच्या उत्तरेला एका वृक्षशेतीच्या जागेवर, हाउबर्ग दांपत्याच्या आधारानं, त्यांनी ‘पिलचक’ काचशाळा सुरू केली. सुरुवातीला तंबू आणि पाऊस. आज जगातले बहुतेक नावाजलेले काचशिल्पी कधी ना कधी तिथे शिकून किंवा शिकवून गेलेले असतात.

१९७६ साली इंग्लंडमध्ये मोटार अपघात झाला. पुढच्या काचेतून ते बाहेर फेकले गेले आणि डाव्या डोळ्याची दृष्टी गेली. एका डोळ्यानं अंतराचा अंदाज नीट येत नाही, आणि भट्टीपुढे तो चुकला तर शेजारचा माणूस भाजतो. तीन वर्षांनी समुद्राच्या लाटांवर खेळताना खांदा निखळला. तेव्हापासून त्यांनी मोठ्या कागदांवर ओल्या रंगांचे फराटे ओढून मनातला आकार सांगायला सुरुवात केली, आणि चमू तो काचेत उतरवू लागला. चिहुलींनी स्वतः म्हटलेलं आहे की मागे सरकल्यावर त्यांना जास्त दिसू लागलं.

ते काय दिसलं, हे १९८१ च्या ‘माकिया’ मालिकेत कळतं. माकिया म्हणजे इटालियन भाषेत डाग. कार्यशाळेतल्या तीनशे रंगांच्या कांड्यांपैकी प्रत्येक रंग वापरायचा, या हट्टातून ती सुरू झाली. मोठाले वाडगे, कडा शिंपल्यासारख्या दुमडलेल्या, आतून एक रंग, बाहेरून दुसरा, वर चुऱ्याचे ठिपके. अडचण अशी की पारदर्शक काचेत आतला निळा आणि बाहेरचा पिवळा मिळून हिरवा होतो. त्यावर तोड निघाली ती मध्ये पांढऱ्या काचेचा पातळ थर देण्याची. ढगाआड जसे दोन बाजूंना दोन प्रकाश असावेत तसे रंग वेगळे राहिले. बघणाऱ्याला हा थर दिसत नाही. त्याचं काम तो करत राहतो.

चमूतली माणसंही हळूहळू दिसू लागली. विल्यम मॉरिस पिलचकमध्ये ट्रक चालवायला म्हणून आले होते. ते चिहुलींचे मुख्य कारागीर झाले आणि पुढे स्वतःच्या नावानं काचशिल्पी म्हणून ओळखले गेले. बेंजामिन मूर यांचंही तसंच. म्हणजे हा कारखाना असेल तर तो माणसं तयार करून सोडून देणारा कारखाना होता.

बेटाचं कुलूप उघडलं ते मात्र लिनो तालियापिएत्रा यांनी. जन्म १९३४, मुरानो. अकराव्या वर्षी भट्टीवर, एकविसाव्या वर्षी माएस्त्रो. १९७९ साली ते पिलचकला आले आणि परक्यांना मुरानोची तंत्रं उघडपणे शिकवली. रंगीत काड्या एकत्र पिळून जाळी कशी विणायची, दोन फुगे जोडून एक पात्र कसं करायचं, सगळं. बेटावर त्यांच्यावर टीका झाली, घरचं गुपित विकलं म्हणून. पण देण्याघेण्याचा हा सौदा एकतर्फी नव्हता. त्यांनी अमेरिकनांना हात दिला आणि अमेरिकनांनी त्यांना सही दिली. आयुष्यभर दुसऱ्यांचे आराखडे फुंकणारा उस्ताद मध्यम वयात स्वतःच्या कल्पना काचेत आणू लागला. त्यांच्या ‘एंडेव्हर’ या मांडणीत लांबट, रंगीत रेघांच्या काचनौकांचा तांडाच हवेत तरंगतो, व्हेनिसच्या जलोत्सवाची आठवण म्हणून. त्या नौकांवर आराखडा आणि हात दोन्ही एकाच माणसाचे आहेत. १९६२ साली लिटलटन यांनी पाहिलेलं स्वप्न पुरं केलं ते एका कारखान्याच्या पोरानं, हा या इतिहासातला सगळ्यांत गोड विरोधाभास.

आणि गुपितं राखून मुरानो वाचलं असतं का? २०२१ च्या अखेरीला गॅसचे भाव भडकले तेव्हा बेटावरच्या कित्येक भट्ट्या बंद ठेवाव्या लागल्या. गुपित होतं, आच नव्हती.

कंदील, बांगडी आणि वीट

आपल्याकडे काचेचा इतिहास लिहिला तो एका मराठी माणसानं. पुरातत्त्वज्ञ डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांचा भारतीय काचेच्या इतिहासावरचा ग्रंथ मुंबई विद्यापीठानं १९६९ साली काढला. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ मध्ये ह. धी. सांकलिया आणि दीक्षित यांनी केलेल्या उत्खननात बहमनी काळातल्या बहुरंगी काचबांगड्यांचे तुकडे सापडले. रंगांवर रंग बसवण्याची विद्या आपल्या भूमीत होती, हे ते तुकडे सांगतात. कुणाची होती, हे सांगत नाहीत. मणी आणि बांगड्या घडवणारा माणूस आपल्या इतिहासात जातीच्या नावानं येतो, स्वतःच्या नावानं येत नाही.

विसाव्या शतकात काच आपल्याकडे स्वदेशीच्या रूपानं आली. अंताजी दामोदर काळे यांनी घरोघर एकेक पैसा जमवण्याची कल्पना मांडली, टिळकांनी तिला बळ दिलं, आणि १९०८ साली तळेगाव दाभाडे इथे पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. १९१६ साली कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा कारखाना निघाला, ती जागाच ओगलेवाडी झाली, आणि तिथला ‘प्रभाकर’ कंदील महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पोचला. हे काम मोठं होतं यात शंका नाही. पण इथे काच उपयोगासाठी होती, राष्ट्रकार्यासाठी होती. भट्टीवर उभा असलेला माणूस कल्पनाही करू शकतो, ही शक्यता ना कारखान्याच्या हिशेबात होती ना आपल्या कलाशाळांच्या. टोलेडोत कामगार आणि कलावंत एका गॅरेजमध्ये भेटले. तळेगाव आणि जे. जे. स्कूल यांच्यात अंतर फार नव्हतं, पण ती भेट घडली नाही.

तिच्यासारखं काही घडलं ते अगदी अलीकडे, आणि तेही एका फ्रेंच माणसामुळे. झाँ-मिशेल ओतोनिएल हे पॅरिसचे शिल्पकार. व्हर्सायच्या बागेतल्या कारंज्यांवर २०१५ साली त्यांनी काचेच्या सोनेरी मण्यांच्या माळा नाचवल्या. भारतभेटीनंतर त्यांनी उत्तर प्रदेशातल्या फिरोझाबादच्या कारागिरांबरोबर काम सुरू केलं. बांगड्यांच्या या गावात त्यांनी साच्यात फुंकलेल्या काचेच्या विटा करून घेतल्या. निळ्या, पिवळ्या, अंबरी. हातानं केलेल्या, म्हणून एकीसारखी दुसरी नाही. कुठे बुडबुडा, कुठे रंगाची रेघ. २०२१ साली पॅरिसमधल्या पेटी पॅले संग्रहालयाच्या पायऱ्यांवरून अशाच निळ्या विटांची नदी वाहत होती.

यात खटकण्यासारखंही काही आहे. फिरोझाबादच्या भट्ट्यांची आच, तिथली मजुरी, एकेकाळी तिथे राबणारी लहान मुलं, हे सगळं त्या निळ्या नदीच्या तळाशी आहे. ओतोनिएल गावाचं नाव सांगतात, आणि विटेतला दोष हेच तिचं सौंदर्य मानतात, ही जमेची बाजू. गावाचं नाव येणं ही एक पायरी झाली. माणसाचं नाव येणं ही पुढची.

साथसंगत

मग सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर काय? ‘फिओरी दि कोमो’ चिहुलींचं नाहीच, असं मी म्हणणार नाही. तो आकार, ती दाटी, रंगांचा तो बेधडकपणा दुसऱ्या कुणाचा असूच शकत नाही. पण ते फक्त त्यांचं आहे असंही म्हणवत नाही. आपल्याकडे या पेचावर एक साधा, जुना तोडगा आहे. गाण्याच्या मैफलीची पत्रिका पाहा. गायकाचं नाव मोठ्या अक्षरात असतं, त्याबद्दल कुणाची तक्रार नसते. त्याखाली तबल्यावर कोण, पेटीवर कोण, हेही छापलेलं असतं, आणि एखाद्या जागेवर दाद द्यायची ती तबलजीला द्यायची हे श्रोत्याला कळतं. काचशिल्पाच्या पाटीवर असं का नसावं? कल्पना अमुक, भट्टीवर अमुक, साथीला अमुक. चार ओळींची जागा लागेल.

तोवर पाहणाऱ्यानं आपल्यापुरतं एवढं करावं. रंगीत काचशिल्पासमोर आलात की आधी एक फेरी मारा आणि उजेड कुठून येतो ते शोधा. जागा बदलली की रंग बदलतो का, पाहा. मग विचारा की ही काच फुंकलेली आहे की ओतलेली. फुंकलेली असेल तर तिचे आकार फुगीर, पातळ, श्वासाच्या मापाचे असतील. ओतलेली असेल तर तिच्यात वजन असेल आणि रंग खोल उतरलेला असेल. रंग किती आहेत ते मोजा, आणि न तडकता ते एकमेकांशेजारी नांदताहेत यामागे किती जणांची अक्कल असेल त्याचा अंदाज घ्या. शेवटी पाटीवरचं नाव वाचा.

आणि पुढच्या वेळी बांगड्यांच्या दुकानात बसलात तर कासारानं हातावर चढवलेली एखादी बांगडी उजेडाकडे धरून पाहा. तिच्यात कुठेतरी रंगाची एक रेघ थोडी जाड, थोडी पातळ झालेली असते. तिथे कुणाचा तरी हात हललेला आहे.